एक्स सर्व्हरचा जुना कोड: झाडू कुठे फिरवायचा, कुठे नाही

प्रश्न थोडक्यात असा: "सी बऱ्यापैकी येतं, लिनक्स रोज वापरतो. एक्स.ऑर्गच्या डिस्प्ले सर्व्हरचा कोड उघडून बघितला तर गरगरलं. मॅक्रोंचं जंगल, ग्लोबल व्हेरिएबल्स, एकसारखी दिसणारी दोन-दोन फंक्शन्स. हे साफ करून आधुनिक करायचं असेल तर सुरुवात कुठून करू? नावं बदलणं, मॅक्रो काढणं असे छोटे पॅच पाठवले तर चालतील का? की सरळ रस्ट भाषेत लिहायला घ्यावं?"

रस्टचं आधी उरकून टाकतो. डिस्प्ले सर्व्हर रस्टमध्ये लिहायची हौस असेल तर वेलँडसाठी, म्हणजे एक्सच्या जागी येणाऱ्या नव्या प्रोटोकॉलसाठी, कंपोझिटर (त्याचा डिस्प्ले सर्व्हर) लिहा. स्मिथे नावाची लायब्ररी त्यासाठीच आहे आणि कॉस्मिक डेस्कटॉप तिच्यावर उभा आहे. एक्स सर्व्हर रस्टमध्ये आणायचा म्हणजे जुन्या क्लायंटांना (सर्व्हरशी बोलून खिडक्या उघडणाऱ्या प्रोग्रॅमांना) सवयीची झालेली प्रत्येक खोड जशीच्या तशी पुन्हा लिहायची. त्यात तुमची पाच वर्षं जातील आणि वापरणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघतील.

नावं बदलण्याचे पॅच मात्र पाठवू नका. निदान पहिले सहा महिने तरी नको. का ते सांगतो.

या कोडचं वय आधी लक्षात घ्या. एक्सची सुरुवात १९८४ ला एमआयटीत झाली, आज आपण बोलतो ती प्रोटोकॉलची अकरावी आवृत्ती सप्टेंबर १९८७ ची. पुढे पीसीसाठी १९९२ पासून एक्सएफ्री८६ आलं, २००४ मध्ये लायसन्सवरून फाटलं आणि मंडळी एक्स.ऑर्गकडे आली. डिसेंबर २००५ च्या ७.० आवृत्तीत कोडच्या एकसंध झाडाचे तुकडे करून वेगवेगळी मॉड्यूल्स केली गेली. म्हणजे एकाच फाइलमध्ये कधीकधी चार पिढ्यांचे हात दिसतात. 'गिट ब्लेम' हा या कोडचा सातबारा. ओळ विचित्र दिसली की आधी फेरफार काढून बघायचा: ही नोंद कुणी, कधी, कशासाठी घातली. अडचण अशी की गिटमधला इतिहास नोव्हेंबर २००३ ला सुरू होतो. त्याच्या मागचं हवं असेल तर जुन्या टारबॉल (सोर्सच्या गाठोडी फाइली) उघडाव्या लागतात. मी त्या डिस्कवर सोडवूनच ठेवल्या आहेत आणि महिन्यातून दोनदा तरी त्यांच्यात ग्रेप मारतो.

आता ज्या भिंतींना हात लावायचा नाही त्या. पहिली प्रोटोकॉलची, आणि ती सगळ्यांना माहीत असते. १९८८ साली बांधलेला प्रोग्रॅम आजच्या सर्व्हरवर खिडकी उघडतो, आणि तो उघडलाच पाहिजे. दुसरी भिंत नवख्यांना दिसत नाही: ड्रायव्हरची एबीआय, म्हणजे कम्पाइल झालेल्या दोन तुकड्यांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचा ठराव. एक्स.ऑर्गचे ड्रायव्हर वेगळी मॉड्यूल्स म्हणून चालू सर्व्हरमध्ये लोड होतात आणि सर्व्हरची स्ट्रक्चर्स थेट वाचतात. मध्ये कुठलं फंक्शन नसतं. स्क्रीनच्या स्ट्रक्चरमध्ये तुम्ही 'नीटनेटकं दिसावं' म्हणून एक पॉइंटर वरून खाली हलवलात की तुमच्याकडे सगळं बिनबोभाट कम्पाइल होतं. पण गेल्या वर्षी बांधलेला ड्रायव्हर अजूनही जुन्या अंतरावरच हात घालतो, तिथे आता दुसरंच फंक्शन बसलेलं असतं, आणि वापरणाऱ्यासमोर काळा पडदा. ज्यांचा सोर्स बाहेर मिळतच नाही अशा ड्रायव्हरांचं तर पुन्हा कम्पाइल करून घेणंही आपल्या हातात नाही.

एबीआय बदलूच नये असं नाही. २०१२ मध्ये सर्व्हरच्या १.१३ आवृत्तीच्या वेळी बदलली होती. त्याआधी कितीतरी फंक्शन्सना स्क्रीनचा क्रमांक दिला जायचा आणि ती एका ग्लोबल ॲरेतून स्क्रीन शोधून काढायची. ते काढून सरळ पॉइंटर द्यायचं ठरलं. बदल योग्यच होता, कारण जीपीयू चालू असताना जोडायचा-काढायचा तर क्रमांकावर विसंबून चालत नाही. पण तो नुसता सर्व्हरमध्ये ढकलून दिला नाही. ड्रायव्हरांमध्ये एक छोटी हेडर फाइल घातली गेली: नवा सर्व्हर असेल तर फंक्शनची सही अशी, जुना असेल तर तशी, मॅक्रोमागे झाकून. एकच ड्रायव्हर दोन्ही सर्व्हरवर कम्पाइल व्हायचा. मॅक्रो वाढवून केलेली साफसफाई! दिसायला कुरूप, पण त्या एका फाइलमुळे वितरणवाल्यांची झोप उडाली नाही. मोडतोड करणार असाल तर पूल आधी बांधायचा असतो, आणि तो बांधायचं काम मोडणाऱ्याचं.

तिसरी भिंत मी स्वतः डोकं आपटून शिकलो. एक्स सर्व्हरला 'जनरेशन' नावाची कल्पना आहे. शेवटचा क्लायंट निघून गेला की सर्व्हर बंद न होता स्वतःला नव्याने मांडू शकतो: सगळे रिसोर्स (खिडक्या, फॉन्ट वगैरे) टाकून देतो, एक्स्टेंशन्स (मूळ प्रोटोकॉलच्या पुरवण्या) पुन्हा सुरू करतो आणि नव्या लॉगिनची वाट बघतो. लॅबमधल्या एक्स टर्मिनलच्या काळात हे रोजचं होतं. त्यामुळे बऱ्याच एक्स्टेंशनांच्या सुरुवातीला एक स्टॅटिक आकडा दिसतो आणि तो सर्व्हरच्या जनरेशनशी जुळतो का हे तपासणारी ओळ. मला ती फालतू वाटली. "रिसोर्स टाइप अजून घेतला नसेल तर घ्या" एवढी एकच अट ठेवून मी बाकीचं उडवलं. चार ओळी कमी झाल्या. एक्सव्हीएफबीवर (खऱ्या पडद्याशिवाय मेमरीतच चालणाऱ्या एक्स सर्व्हरवर) चालवून पाहिलं, ते एक्स्टेंशन वापरणारा छोटा क्लायंट उघडला, झकास चाललं. पॅच पाठवला. तपासणाऱ्याने एवढंच विचारलं: दुसऱ्या जनरेशनमध्ये बघितलंस का?

नव्हतं बघितलं. क्लायंट बंद केला, सर्व्हरला रिसेट होऊ दिलं, क्लायंट पुन्हा उघडला, आणि तो दुसऱ्यांदा बंद करताना सर्व्हर कोसळला. कारण साधं होतं. रिसेटमध्ये रिसोर्स टाइपांचा तक्ता रिकामा होतो, पण माझा स्टॅटिक आकडा प्रोसेसच्या मेमरीत तसाच राहतो. अट म्हणते "टाइप आहे की", म्हणून नवा घेतला जात नाही. तो शिळा आकडा आता दुसऱ्याच कुणाचा असतो, आणि रिसोर्स सोडताना भलतंच डिलीट फंक्शन बोलावलं जातं. चार ओळींची बचत अशी अंगाशी आली. तेव्हापासून कुठलीही 'फालतू' अट काढण्याआधी मी क्लायंट तीनदा उघडतो-मिटतो.

तर मग साफसफाई करायची कुठे? माझं मत ठाम आहे: घासून-पुसून लख्ख करण्याआधी उचलून टाका. या प्रकल्पात ज्या साफसफाईचा खरोखर फायदा झाला ती बहुतेक वेळा अख्खीच्या अख्खी गोष्ट हटवण्याची होती. एक्सएफ्री८६ ४ च्या काळात सर्व्हर स्वतःचाच ईएलएफ लोडर, म्हणजे कम्पाइल केलेली मॉड्यूल्स मेमरीत चढवणारा कोड, बाळगून होता, शिवाय सी लायब्ररीवर स्वतःचं आवरण, का तर एकच मॉड्यूल वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालावं. पुढे ते सगळं काढून डीएलओपन लावलं, म्हणजे प्रत्येक सिस्टिममध्ये असतंच ते. रेषा-चौकोन रंगवणारं एक्सएए हे जुनं प्रवेगक २०१२ मध्ये गेलं. जे ड्रायव्हर फक्त त्याच्यावर होते ते साध्या शॅडो बफरवर आले आणि बहुतेकांना फरकही कळला नाही. छपाईचं एक्सप्रिंट गेलं. अनेक मशिन्सचे पडदे एकत्र जोडणारं एक्सडीएमएक्स २०२१ च्या २१.१ मध्ये गेलं. यातली प्रत्येक गोष्ट कुणीतरी कधीतरी मॅक्रो काढून, नावं सुधारून 'स्वच्छ' केली असणार. ते सगळे तास पाण्यात.

यातलं मला सर्वांत आवडणारं उदाहरण बाइट उलटण्याचं आहे, आणि तुम्हाला खटकलेली "एकसारखी दिसणारी दोन-दोन फंक्शन्स" हीच.

क्लायंट जोडताना जो पहिला बाइट पाठवतो तो एक अक्षर असतं: मोठ्या लिपीतला 'बी' किंवा छोट्या लिपीतला 'एल'. मोठा बाइट आधी की छोटा आधी, एवढंच त्यातून सांगायचं. सर्व्हरच्या मशीनचा क्रम तोच असेल तर विनंत्या थेट नेहमीच्या फंक्शनकडे जातात. वेगळा असेल तर त्या क्लायंटसाठी फंक्शनांचा दुसराच तक्ता लावला जातो. त्या तक्त्यातलं प्रत्येक फंक्शन विनंतीतला एकेक आकडा जागच्या जागी उलटतं आणि मग नेहमीच्या फंक्शनला हाक मारतं. १९८७ ला हे हवंच होतं. एका नेटवर्कवर सनचं वर्कस्टेशन आणि डेकचं मशीन शेजारी-शेजारी असायचे आणि दोघांचे क्रम उलटे.

आता गोम बघा. विनंतीत किती घटक आहेत हा आकडा क्लायंटच पाठवतो. उलटणारं फंक्शन तो वाचतं आणि तितके घटक उलटत सुटतं. विनंतीची खरी लांबी तेवढी आहे का हे आधी तपासलं नाही तर ते बफरच्या बाहेर जाऊन दुसऱ्याच्या मेमरीतले बाइट उलटतं. नेहमीच्या फंक्शनमध्ये तपासणी आहे, पण तिची पाळी नंतर येते. तोवर घात झालेला असतो. आणि आपल्या सगळ्यांची मशिन्स एकाच क्रमाची, त्यामुळे ही वाट वर्षानुवर्षं कुणी तुडवतच नाही. न वापरलेला, न तपासलेला, तरी कुणाही क्लायंटला एक अक्षर पाठवून उघडता येणारा दरवाजा.

२०२२ च्या डिसेंबरमध्ये अशीच एक चूक जाहीर झाली. एक्सटेस्ट (कीबोर्ड-माउसचे कृत्रिम इव्हेंट पाठवणाऱ्या) एक्स्टेंशनच्या उलटणाऱ्या फंक्शनमध्ये बत्तीस बाइटांपेक्षा मोठा इव्हेंट पाठवला की स्टॅक बिघडायचा. त्यानंतर जो उपाय झाला तो मला फार शहाणपणाचा वाटतो. सगळी उलटी फंक्शन्स सुंदर करायला कुणी बसलं नाही. उलट्या क्रमाचे क्लायंट मुळातच नाकारायचे असं ठरलं, आणि ज्याला खरंच हवेत त्याच्यासाठी एक कमांड-लाइन पर्याय ठेवला. एक्सवेलँडच्या, म्हणजे वेलँडवर जुने एक्स प्रोग्रॅम चालवणाऱ्या सर्व्हरच्या, २३.१ पासून हे असंच आहे. थोड्याच ओळी बदलल्या आणि हजारो ओळींचा धोका कडीकुलपात गेला. आधुनिकीकरण म्हणजे काय असं विचारलंत तर मी हेच दाखवेन.

लांबीच्या तपासण्या हा एकूणच सुपीक प्रांत आहे. डिसेंबर २०१४ मध्ये सुरक्षेच्या चुकांची मोठी थप्पी एकदम जाहीर झाली, तिच्यातल्या काही थेट १९८७ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच्या होत्या. चित्र पाठवण्याच्या विनंतीत रुंदी-उंचीचा गुणाकार बत्तीस बिटांत मावत नाही, गरगर फिरून छोटा आकडा येतो, लांबीची तपासणी फसते आणि विनंतीच्या बाहेरची मेमरी वाचली जाते. त्याच वर्षी जानेवारीत फॉन्टच्या लायब्ररीतली एक सापडली: बीडीएफ फाइलमधून अक्षराचं नाव शंभर बाइटांच्या ॲरेत वाचताना किती वाचायचं याची मर्यादाच नव्हती. १९९१ पासून! दुरुस्ती काय, तर फॉरमॅटमध्ये नव्व्याण्णव हा आकडा घातला. आणि ती सापडली कशी, तर सीपीपीचेक हे फुकटचं स्टॅटिक तपासणीचं साधन चालवून. तेवीस वर्षांत हजारो डोळ्यांखालून गेलेली ओळ एका स्क्रिप्टने पकडली. त्यामुळे तुम्ही पहिल्या आठवड्यात काय करावं हे विचाराल तर असं साधन चालवा, येणाऱ्या इशाऱ्यांतले नव्वद टक्के बिनकामाचे असतील हे गृहीत धरा, आणि उरलेल्यांतला एकच घेऊन मुळापर्यंत जा. मेमरी घेताना स्वतः गुणाकार करणाऱ्या जागा आजही सापडतात. तिथे गुणाकार तपासून मेमरी देणारं फंक्शन लावणं हा पॅच लहान असतो, कारण एका वाक्यात सांगता येतं, आणि कुणी सहसा नाही म्हणत नाही.

दुसरं चांगलं निमित्त कम्पायलर आपण होऊन देतोय. जीसीसी १५ मध्ये सी२३ हा मूळ पर्याय झाला. त्यात रिकाम्या कंसांचा अर्थ "काहीही आर्ग्युमेंट्स" असा न राहता "एकही नाही" असा झाला, फंक्शन लिहिण्याची जुनी, आर्ग्युमेंटांचे प्रकार खाली वेगळे सांगायची पद्धत बादच झाली, आणि 'बूल' हा राखीव शब्द झाला. एक्सच्या आजूबाजूच्या जुन्या छोट्या प्रोग्रॅममध्ये रिकाम्या कंसांचे फंक्शन पॉइंटर पोत्याने आहेत. इथे साफसफाईला वाद नाही. नाहीतर बांधणीच होत नाही.

मग रंगरंगोटीचं काय? नावं, मोकळ्या जागा, कंस? तीही झाली आहे, पण कशी ते बघा. मार्च २०१२ मध्ये सगळ्या झाडावर 'इंडेंट' हे कोडची मांडणी सारखी करणारं साधन एका झटक्यात फिरवलं. एक स्क्रिप्ट, एक मोठा कमिट, आणि तो तपासायचा तर स्क्रिप्ट स्वतः चालवून निकाल जुळतो का एवढंच बघायचं. 'पॉइंटर' नावाचा घरगुती टाइप काढून साधा व्हॉइड पॉइंटर लावला तोही असाच एका दणक्यात. हाताने केलेले तीनशे छोटे कमिट आणि यंत्राने केलेला एक यांत मला नेहमी दुसरा चालतो. तीनशेंपैकी दोनशे सत्याण्णव बरोबर असतात हो, पण उरलेले तीन शोधायला तीनशेही वाचावे लागतात. यासाठी कॉक्सिनेल हे साधन शिका. 'असा आकृतिबंध दिसला की तसा कर' हे त्याला सांगता येतं, आणि तपासणाऱ्याला दहा ओळींचा नियम वाचून भागतं.

इथेच तुमच्या मूळ प्रश्नाचं दुखणं आहे. या प्रकल्पात कोड लिहिणारे कमी नाहीत. कमी आहेत ते वाचणारे. २०२४-२५ मध्ये एका उत्साही योगदात्याने साफसफाईचे शेकडो बदल आत आणले. त्यातल्या काहींनी ड्रायव्हरांची एबीआय मोडली, काहींनी चालणाऱ्या गोष्टी बिघडवल्या, शेवटी अनेक बदल उलटवावे लागले आणि जून २०२५ मध्ये एक्सलिब्रे नावाचा वेगळा फाटा निघाला. दोन्ही बाजूंचं ऐकून माझं मत असं झालं की हेतूबद्दल भांडण्यात काही अर्थ नव्हता. चुकलं ते प्रमाण. दोन-चार माणसं संध्याकाळी वेळ काढून वाचतात त्या ठिकाणी दिवसाला वीस पॅच ओतले की वाचणं थांबतं, आणि वाचणं थांबलं की दुसऱ्या जनरेशनबद्दल विचारणारा कुणी उरत नाही.

सगळे मोठे बदल असेच फसतात असंही नाही. नोव्हेंबर २०१६ च्या १.१९ मधला इनपुटचा बदल बघा. त्याआधी माउस हलला की सर्व्हरला सिग्नल यायचा आणि सिग्नल हँडलरमध्येच कर्सर हलवला जायचा. मुख्य कोड मेमरी घेत असताना मध्येच सिग्नल आला आणि हँडलरमध्ये कुणी चुकून मेमरी मागितली की सर्व्हर स्वतःच्याच कुलपात अडकायचा. साधा एरर मेसेज लॉगमध्ये लिहिण्यासाठीही सिग्नलमध्ये चालेल असं वेगळं फंक्शन लिहावं लागलं होतं. ते सगळं जाऊन इनपुटसाठी स्वतंत्र थ्रेड आला. त्याच आवृत्तीत सिलेक्ट या सिस्टिम कॉलच्या जागी पोल आलं, आणि फाइल डिस्क्रिप्टरांच्या १०२४ च्या मर्यादेपायी केलेली कसरत संपली. एका खऱ्या दुखण्यावर बोट ठेवून केलेलं काम होतं ते. कोड आपोआप सुटसुटीत झाला.

तुमचे तास कुठे घालवावेत याचा हिशोब मात्र आधी करा. रेड हॅटच्या आरएचईएल १० या लिनक्समध्ये एक्स.ऑर्ग सर्व्हर नाहीच, एक्सवेलँड आहे. एक्सवेलँड याच झाडातून बांधलं जातं. डिक्स, एमआय, एक्सकेबी, जीएलएक्स, रेंडर, रँडआर हे सगळे फोल्डर त्यात जातात. 'हार्डवेअर' खालचं एक्सएफ्री८६ हे फोल्डर जात नाही. म्हणजे डिक्समधली दुरुस्ती वेलँडवाल्यांपर्यंतही पोचते, आणि एक्सएफ्री८६ मधली फक्त उरलेल्या शुद्ध एक्सवाल्यांपर्यंत. एबीआयची भीतीही सगळ्यात जास्त त्याच फोल्डरात.

एक्सकेबीला, म्हणजे कीबोर्ड सांभाळणाऱ्या भागाला, पहिल्या वर्षी लांबूनच नमस्कार करा. कीबोर्डचा नकाशा वाचण्यासाठी सर्व्हर एक्सकेबीकॉम्प नावाचा वेगळा प्रोग्रॅम चालवतो, त्याला मजकूर देतो, तो बायनरी फाइल लिहितो आणि सर्व्हर ती परत वाचतो. आपण मराठीचा कगप कीबोर्ड निवडतो तेव्हा 'इन' नावाच्या फाइलमधली ती अक्षरं याच वाटेने येतात. वेड्यासारखं वाटतं खरं, पण मी दोनदा त्यात शिरलो आणि दोन्ही वेळा उंबऱ्यावरून परत आलो.

बांधणीचं लवकर सांगतो. मेसन हे बांधणीचं साधन वापरा, ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीतल्या चुका पकडणारा) लावून एक वेगळी बांधणी कायम ठेवा, आणि वेगवेगळे पर्याय बंद करूनही बांधून बघा, कारण 'इफडेफ'च्या आत लपलेला कोड तुमच्या नेहमीच्या बांधणीत येतच नाही. चाचणीला एक्सव्हीएफबी आणि झेफायर (एका खिडकीत चालणारा एक्स सर्व्हर) पुरतात. रेंडरचं काही छेडलंत तर रेंडरचेक, मूळ प्रोटोकॉलचं छेडलंत तर एक्सटीएस. ड्रायव्हरशी संबंधित काही असेल तर खरं कार्ड लागतंच. माझ्याकडे त्यासाठी दोन जुने डेस्कटॉप माळ्यावर आहेत आणि घरच्यांचा त्यांच्यावर डोळा आहे.

पहिला पॅच म्हणून एक्स्टेंशनांच्या फोल्डरातली एकच लहान फाइल घ्या. तिच्यातल्या प्रत्येक उलट्या फंक्शनसमोर त्याचं सुलटं फंक्शन ठेवून कागदावर दोन रकाने करा: लांबी कुठे तपासली, आकडा कुठे वापरला. जिथे वापर तपासणीच्या आधी येतो तिथे थांबा. उलट्या क्रमाने बोलणारा पन्नास ओळींचा क्लायंट लिहा, सर्व्हर तो पर्याय देऊन चालवा आणि सॅनिटायझर काय म्हणतो ते बघा. तो ओरडला तर त्या उताऱ्यासकट सुरक्षेचं काम बघणाऱ्यांना खाजगीत कळवा, उघड्यावर टाकू नका. नाही ओरडला तर पुढची फाइल.

कॉपीराइटचे ते लांबलचक परिच्छेद मात्र, कितीही जागा खात असले तरी, कुठल्याच फाइलमधून काढू नका.